कृष्णाकाठ ते कोव्हेंट गार्डन

जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडतं आणि त्यापुढे हात जोडणाऱ्यांची गर्दी असते. त्या पाण्यातली कृष्णा पुढे वाईच्या घाटांवरून जाते, साताऱ्यापाशी माहुलीला वेण्णेला भेटते, कऱ्हाडला कोयनेला पोटात घेते, सांगलीवरून खाली उतरते आणि नरसोबाच्या वाडीला कोल्हापूरकडून येणाऱ्या दुसऱ्या पंचगंगेला मिळते. तिथे जवळच कुरुंदवाड आहे. पटवर्धनांच्या या चिमुकल्या संस्थानात १८ ऑगस्ट १८७२ रोजी एका कीर्तनकाराच्या घरी मुलगा झाला. विष्णू दिगंबर पलुस्कर.

गाण्याच्या इतिहासात हे नाव कुणालाही सांगावं लागत नाही. बॅलेच्या इतिहासात मात्र ते कुणी शोधायला जाणार नाही, आणि तरीही तिथे जाणारी एक वाट त्यांच्या दारावरून निघते. १९२३ साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये रशियन बॅलेची सम्राज्ञी ॲना पाव्हलोव्हा राधा होऊन नाचली. तिच्यासमोर कृष्ण म्हणून उभा राहिलेला तरुण काही वर्षांपूर्वी मुंबईत पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयात शिकत होता. त्याहून नवल हे की तोवर तो कुणाही गुरूकडे रीतसर नाच शिकलेला नव्हता. त्याचं शिक्षण चित्रकलेचं.

मुलीला किंवा मुलाला नाचायचंच असेल तर कॉलेज कशाला, आणि कॉलेज करायचं तर नाच कशाला, असा वाद आपल्याकडे बारावीच्या निकालानंतर घरोघर होतो. या वादातल्या दोन्ही बाजू मला कृष्णाकाठच्या या गोष्टीपासून पुढे पाहिलं की चकवा लागल्यासारख्या वाटतात. जगभर बॅले आणि महाविद्यालय यांचं जमत नाही, त्याला शरीराचं कारण आहे. आणि महाराष्ट्रात नृत्य अक्षरशः महाविद्यालयातून वर आलं, त्यालाही शरीराचंच कारण आहे.

आधी मिरज. लहानग्या विष्णूच्या तोंडाजवळ दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका फुटला आणि दृष्टी जवळजवळ गेली. उपचारासाठी त्याला मिरजेला आणलं. डोळे काही परत आले नाहीत. पण तिथल्या डॉ. भडभड्यांनी मुलाला गाणं शिकवा असं सुचवलं. मिरजेत तेव्हा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली ती त्यांनी. त्यांच्याकडे शिकणं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि बुवांना लहर येईल तेव्हा कान उघडे ठेवायचे. १८९६ साली पलुस्कर मिरजेतून बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी जे गांधर्व महाविद्यालय उघडलं ते या सगळ्याच्या अगदी उलट होतं. तासांना वेळ ठरलेली, फी ठरलेली, छापलेली क्रमिक पुस्तकं, स्वतः तयार केलेली स्वरलिपी, वर्षाअखेर परीक्षा आणि हातात प्रमाणपत्र. राजाच्या मर्जीऐवजी लोकांची वर्गणी आणि जलशांची तिकिटं. १९०८ साली मुंबईला महाविद्यालय निघालं. पुढे कर्जापायी तिथल्या इमारतीचा लिलाव झाला, ही हकीकत वाचताना अजून वाईट वाटतं; पण त्याआधी एक विलक्षण विद्यार्थी त्या दारातून आत जाऊन बाहेर पडला होता.

उदय शंकर. जन्म १९०० सालचा, उदयपूरचा, म्हणून हे नाव. वडील बंगाली पंडित, झालावाड दरबारच्या नोकरीत. १९१८ साली त्यांनी मुलाला मुंबईला धाडलं ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला, आणि मग गांधर्व महाविद्यालयात संगीतासाठी. १९२० मध्ये तो लंडनला रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेला. तिथले प्राचार्य विल्यम रोदेन्स्टाइन स्वतः भारतीय कलेचे चाहते. त्यांनी या हिंदुस्थानी पोराला युरोपी चित्रांची नक्कल करण्यापासून परावृत्त केलं आणि ब्रिटिश म्युझियममध्ये आपल्याच देशाची शिल्पं आणि चित्रं बघायला पाठवलं. घरगुती कार्यक्रमांत, धर्मादाय जलशांत तो अधूनमधून नाचायचा. त्याचा बोलबाला पाव्हलोव्हापर्यंत गेला. तिला ‘ओरिएंटल इम्प्रेशन्स’ नावाचा कार्यक्रम बसवायचा होता. त्यातली ‘कृष्ण आणि राधा’ व ‘हिंदू विवाह’ ही दोन नृत्यं उदय शंकरने रचली.

इथे जरा थांबून त्या रंगमंचावरच्या दोन शरीरांकडे बघायला हवं.

पाव्हलोव्हा १८९१ साली, दहा वर्षांची असताना, सेंट पीटर्सबर्गच्या शाही नाट्यशाळेत दाखल झाली. ही शाळा १७३८ सालची. आज तिला वागानोव्हा अकादमी म्हणतात आणि प्रवेशाचं वय साधारण तेच आहे. आठ वर्षांनी, १८९९ मध्ये, ती शिकून बाहेर पडली आणि थेट शाही रंगभूमीवर नोकरीला लागली. लंडनच्या रॉयल बॅले स्कूलची धाकटी शाखाही अकरा वर्षांच्या मुलामुलींना वसतिगृहात घेते. आपल्याकडे एवढ्या वयाची मुलं घरापासून दूर पाठवायची म्हटलं की पाचगणी आठवते. पण पाचगणीला पाठवतात ते सगळे विषय शिकायला. तिकडे पाठवतात ते मांडीचं हाड वळवायला.

हे शब्दशः घ्या. बॅलेचा पाया म्हणजे दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला, जवळजवळ एका रेषेत, उघडणं. बघणाऱ्याला तो पावलांचा खेळ वाटतो, पण वळण येतं ते खुब्यातून. मांडीच्या हाडाचं गोल डोकं खुब्याच्या वाटीत बसतं आणि ते डोकं एका तिरप्या मानेवर असतं. ही मान जन्मतः बरीच पुढे वळलेली असते, तीस ते चाळीस अंश. मूल वाढतं तशी ती मागे येत जाते आणि मोठेपणी पंधराएक अंशांवर स्थिरावते. ती जितकी मागे, तितका पाय बाहेर उघडतो. म्हणजे बॅलेला हवा असलेला कोन ठरतो तो नेमका बालपणात आणि किशोरवयाच्या सुरुवातीला. हाडं पक्की झाल्यावर शिक्षक केवळ स्नायू आणि अस्थिबंध यांच्याशी बोलू शकतो. जो उशिरा येतो आणि हट्टाने पावलं उघडतो, तो खुब्याचं काम गुडघ्यावर आणि घोट्यावर टाकतो आणि पुढे ते गुडघे बोलायला लागतात.

आणि एवढा अट्टाहास का, तर त्यातही एक सुंदर यंत्रशास्त्र आहे. पाय सरळ ठेवून तुम्ही तो बाजूला उचलायला गेलात तर एका उंचीवर तो अडतो, कारण मांडीच्या हाडाचा वरचा बाहेरचा उंचवटा कमरेच्या हाडाला जाऊन टेकतो. तोच पाय आधी बाहेर वळवा: उंचवटा मागे सरकतो, वाट मोकळी होते आणि पाय कानापर्यंत जाऊ शकतो. फ्रेंच दरबारातल्या नृत्यगुरूंकडे क्ष-किरण नव्हते. त्यांनी हे नुसत्या निरीक्षणाने शोधलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

चवड्याच्या टोकावर उभं राहायचे बूट मुलीला साधारण अकरा-बारा वर्षांची झाल्यावर, पावलं आणि पोटरी तयार झाली असतील तरच, मिळतात. सतरा-अठराला ती एखाद्या कंपनीत लागते. पॅरिस ऑपेरात नर्तकांची निवृत्ती बेचाळिसाव्या वर्षी होते. तिथली पेन्शनची व्यवस्था चौदाव्या लुईच्या काळातली, १६९८ सालची आहे. आता या वेळापत्रकात तीन वर्षांची पदवी बसवून पाहा. अठरा ते एकवीस ही पदवीची वर्षं, आणि शरीराच्या भराची वर्षंही तीच. म्हणून बहुतेक बॅले नर्तक कॉलेजची पायरी चढतच नाहीत, किंवा चढतात ती नाच संपल्यावर.

अमेरिकेने यातून एक वाट काढली. विलम क्रिस्टेन्सन नावाच्या नृत्यगुरूने १९५१ मध्ये युटा विद्यापीठात बॅलेचा विभाग सुरू केला आणि त्यातून पुढे बॅले वेस्ट ही कंपनीच उभी राहिली. पदवी घेता घेता नाचायचं. पण अव्वल कंपन्या अजूनही सतरा वर्षांच्या पोरीकडेच बघतात. दुसरी वाट अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल: नेदरलँड्समध्ये १९८६ साली नर्तकांना दुसऱ्या व्यवसायाचं शिक्षण देणारा निधी उभा राहिला, आणि कॅलिफोर्नियाच्या सेंट मेरीज कॉलेजने १९९९ पासून नोकरीत असलेल्या नर्तकांसाठी पदवीचा खास अभ्यासक्रम आखला, तालमी आणि दौरे सांभाळून करता येईल असा. शरीर चाळिशीला थकणार, पुढे तेवढंच आयुष्य उरलेलं, याची ती कबुली आहे.

मुंबईच्या दोन पोरांची गोष्ट याच हिशोबात बघायला हवी. यहुदा माओर या इस्रायली-अमेरिकी शिक्षकाकडे मुंबईत अमिरुद्दीन शाह आणि मनीष चौहान शिकले. सूनी तारापोरवालांचा २०२० सालचा ‘ये बॅले’ हा सिनेमा त्यांच्यावरून आला आणि मनीषवर २०२३ मध्ये ‘कॉल मी डान्सर’ हा माहितीपट निघाला. अमिरुद्दीन किशोरवयात सापडला. २०१७ मध्ये तो लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत गेला. मनीष टॅक्सीचालकाचा मुलगा. शिकून नोकरी धरावी ही घरच्यांची इच्छा, आणि तो बॅलेकडे वळला तोवर विशीच्या उंबरठ्यावर होता. त्याच्या वाटेत जास्त खाचखळगे आले यात गुणवत्तेचा संबंध थोडा आणि वर सांगितलेल्या हाडाच्या मानेचा जास्त.

मग १९२३ मध्ये बावीस वर्षांचा, न शिकलेला उदय शंकर पाव्हलोव्हासमोर टिकला कसा? तिने त्याच्याकडे बॅले मागितलाच नाही. पुढे त्याने शिकायची इच्छा दाखवली तेव्हाही तिने त्याला त्याच्याच देशाच्या नृत्याकडे वळायला सांगितलं. त्याच्यापाशी होती ती चित्रकाराची नजर. शिल्पातली देहाची तीन ठिकाणची वळणं, हाताची रेषा कुठे संपते, वस्त्राची चुणी उजेडात कशी दिसते, दहा माणसं उभी केली तर मधली मोकळी जागा किती ठेवायची. नर्तक आरशात स्वतःला बघतो. हा माणूस स्वतःला चौकटीत बसलेला बघत होता, आणि हे त्याला शिकवलं ते दोन कलामहाविद्यालयांनी. त्याची नृत्यं पुढे गाजली ती रचनेसाठी. यंत्रयुग आणि कामगार हा विषय त्याने शरीरांच्या यंत्रागत हालचालींतून उभा केला, तिथेही घडण चित्राची आहे. शुद्ध शास्त्रीय नर्तकांनी त्याला नाकं मुरडली आणि तांत्रिक अंगाने ती तक्रार खोटी नव्हती. पण आपण ज्याला ‘बॅले’ म्हणतो, गॅदरिंगपासून शिवाजी मंदिरापर्यंत, तो प्रकार याच माणसाच्या नजरेतून आला.

त्याने अल्मोड्याला काढलेलं केंद्र १९४४ मध्ये बंद पडलं आणि तिथली माणसं मुंबईत उतरली. शांती बर्धन अंधेरीला ‘इप्टा’ या लोकरंगभूमी संघटनेच्या नृत्यपथकात आले. १९५२ मध्ये त्यांनी ‘लिटल बॅले ट्रूप’ उभारला आणि कळसूत्री बाहुल्यांच्या हालचालींत अख्खं रामायण बसवलं. अल्मोड्याचाच एक विद्यार्थी गुरुदत्त पुण्याला ‘प्रभात’मध्ये नृत्यदिग्दर्शक म्हणून लागला.

पाव्हलोव्हाची गाठ आणखी दोघींशी पडली, आणि दोघींचंही पुढे शाळेशी नातं आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९२८ मध्ये मुंबईत तिचा कार्यक्रम पाहिला, मग योगायोगाने ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर ती भेटली. त्यांची ‘कलाक्षेत्र’ ही नृत्यशाळा निघाली १९३६ मध्ये. दुसरी लीला सोखी, रंगमंचावरची मेनका. इंग्लंडात शिकलेली, हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक साहिबसिंग सोखी यांची पत्नी. तिने कथकचं तंत्र घेऊन बॅले रचले, १९३६ मध्ये बर्लिनपर्यंत नेले, आणि परत आल्यावर १९३८ साली खंडाळ्याला, घाटमाथ्यावर, ‘नृत्यालयम्’ नावाची निवासी शाळा काढली. थंड हवेच्या ठिकाणी इंग्रजी शाळा निघतात हे आपण जाणतो. तिथे पखवाज आणि तबल्याच्या तालावर पाय आपटणाऱ्या मुलींची शाळा काढणं हे त्या काळी धाडसच. तिची मानसकन्या दमयंती जोशी ही मराठी पोर त्या युरोप दौऱ्यात आठ-दहा वर्षांची होती. पुढे तिने कथक एकटीच्या बळावर देशभर नेलं. १९७० मध्ये पद्मश्री. खंडाळ्याची शाळा फार टिकली नाही. घाटातल्या पावसापेक्षा पैशानेच बंद पडतात अशा संस्था.

आता पदवीकडे. नृत्याला विद्यापीठाचं दार उघडण्यातही मराठी घराण्याचा हात आहे आणि तो तंजावरमार्गे बडोद्याला पोचतो. सयाजीराव गायकवाडांचं लग्न १८८० मध्ये तंजावरच्या मोहित्यांच्या लक्ष्मीबाईंशी झालं. सासरी त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्यासोबत तंजावरहून नृत्य करणाऱ्या कलावंत स्त्रिया आणि त्यांचे गुरू बडोद्याला आले. गौरा आणि कांतिमती ही त्यांतल्या दोघींची नावं. दरबारात त्यांच्या नृत्याचं खातं होतं, पगार होता. सयाजीरावांनी १८८६ मध्ये काढलेल्या गायनशाळेतून वाढत गेलेलं महाविद्यालय पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग झालं, तिथे नृत्याची पदवी सुरू झाली, आणि तिथे भरतनाट्य शिकवायला उभे राहिले ते कांतिमतीचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर. ज्यांच्या आईला समाजाने सभ्य घरात घेतलं नसतं, ते विद्यापीठात मुलींना धडे देत होते. महाविद्यालयाने नर्तकाला काय दिलं याचं याहून मोठं उत्तर माझ्यापाशी नाही.

पुण्यात हे वेगळ्या रीतीने घडलं. रोहिणी भाटे १९४६ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. झाल्या. पार्वतीकुमारांकडे भरतनाट्य थोडं झालं होतं. कथक त्यांनी सुरू केलं ते पदवीच्या त्याच वर्षी, जयपूर घराण्याच्या सोहनलालांकडे. म्हणजे बावीसच्या आसपास! बॅलेत या वयाला सुरुवात केली असती तर कुणी दारात उभं केलं नसतं. कथकात चाललं, आणि त्याचं कारण पुन्हा खुब्यात आहे. कथकचा नर्तक सरळ उभा राहतो, पावलं नैसर्गिक दिशेला. हाडाच्या मानेकडे तो काही मागत नाही. भरतनाट्यात अरमंडी आहे, गुडघे बाहेर उघडलेले. पण तिथे बसकण अर्धी वाकलेली असते, आणि खुबा वाकला की पुढचा जाड अस्थिबंध सैलावतो, त्यामुळे वळण बॅलेपेक्षा सोपं जातं. आपल्या नृत्यांनी शरीराकडून मागितलं ते सहनशक्ती, वेग, तोल. आणि बुद्धीकडून मागितलं ते गणित.

ते गणित नुसतं तोंडी करून बघा. त्रिताल सोळा मात्रांचा. पाच मात्रांचा एक तुकडा तीनदा म्हणायचा आणि मधे दोनदा एकेक मात्रा गप्प राहायचं. पंधरा अधिक दोन, सतरा. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू केलं तर तिसऱ्या तुकड्याचा शेवटचा ‘धा’ बरोब्बर पुढच्या समेवर पडतो. ही झाली सर्वांत साधी तिहाई. दर वेळी गप्प राहायचं ते दीड मात्रा करा आणि सुरुवात कुठून करायची ते सांगा. नाचता नाचता, घाम पुसायला सवड नसताना, डोक्यात हे चाललेलं असतं.

रोहिणीताईंनी १९४७ मध्ये ‘नृत्यभारती’ काढली. पुढे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे अनेक वर्षं त्या शिकत राहिल्या. म्हणजे शिकणं आणि शिकवणं एकाच वेळी, जे घराण्यात सहसा होत नाही. कॉलेजने त्यांना दिली ती वाचायची सवय. संस्कृत ग्रंथ काढून त्यांनी ते कथकच्या अंगाने पुन्हा मांडले, कालिदासाचं ‘ऋतुसंहार’ नाचात आणलं. आणि त्यांनी इझाडोरा डंकनचं आत्मचरित्र मराठीत आणलं, ‘मी इझाडोरा’. गंमत अशी की इझाडोरा बॅलेचे बूट फेकून अनवाणी नाचणारी आणि शाळेला लहानपणीच रामराम ठोकलेली. तिला मराठीत आणणारी नर्तकी फर्ग्युसनची पदवीधर. दोघींचं जमलं कारण दोघींनाही हालचाल कुठून निघते हा प्रश्न पडला होता. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र निघालं आणि नृत्य हा बी. ए., एम. ए.चा विषय झाला, तेव्हा अभ्यासक्रम घडवायला आणि शिकवायला याच बाई होत्या.

मुंबईत कनक रेळे. त्या कायद्याच्या पदवीधर. मोहिनीअट्टम तेव्हा विस्मृतीत चाललेलं. केरळातल्या वयस्क नर्तकींकडे जाऊन त्यांच्या हालचाली त्यांनी चित्रफितीवर घेतल्या आणि मग साक्षीपुरावा तपासावा तसं एकेका वळणाचं पृथक्करण केलं. धड कुठे झुकतं, भार कुठल्या पायावर जातो, आकृती कशी पडते. मुंबई विद्यापीठाची नृत्यातली डॉक्टरेट त्यांना मिळाली आणि त्यांनी काढलेलं नालंदा नृत्यकला महाविद्यालय त्याच विद्यापीठाशी संलग्न झालं. पार्वतीकुमारांनी तंजावरच्या सरफोजीराजांची नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणं तिथल्या ग्रंथालयातून शोधून नाचती केली आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती रंगमंचावर मांडली. भरतनाट्याला मराठी साहित्य होतं हे आपल्याला एका ग्रंथालयातल्या बैठकीने कळलं.

आणि मिरज? पलुस्कर १९३१ साली मिरजेतच वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचा पत्ता आजही मिरजेचा आहे. कथक, भरतनाट्य, ओडिसी शिकणारी मुलगी नागपूरची असो की दुबईची, तिच्या प्रमाणपत्राची वाट इकडून जाते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. महाबळेश्वर, वाई, साताऱ्याच्या मुली वर्षातून दोनदा येणाऱ्या या परीक्षांसाठी वह्या भरतात: झपतालाची दुगुन लिपीबद्ध करा, पलुस्कर आणि भातखंडे ताललिपीतला फरक लिहा. नाचणाऱ्या मुलीने ताल कागदावर मांडायचा, हा कुरुंदवाडच्या त्या जवळजवळ अंध माणसाचा हट्ट. ज्याला स्वतःला नीट दिसत नव्हतं त्याने संगीत वाचनीय केलं.

या परीक्षांचं मला कौतुक आहे आणि थोडा रागही. मध्यमवर्गीय बापाला मुलीला नाचाच्या क्लासला घालायचं धैर्य आलं ते या प्रमाणपत्रामुळे. पण आता दहावीला शास्त्रीय नृत्याचे जादा गुण मिळतात, आणि ते मिळाले की घुंगरू माळ्यावर जातात. दुसरी गोष्ट जास्त खटकणारी. मिरजेच्याच सांगली जिल्ह्यात, वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षमध्ये लावणीकार पठ्ठे बापूराव जन्मले. त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे, जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेले अण्णा भाऊ साठे इप्टात वावरले. मिरजेपासून हाकेच्या अंतरावर लावणी नाचली जात होती, आणि परीक्षांच्या यादीत ती नव्हती. फडावरच्या बाईला तिच्या अदेसाठी, ठेक्यावरच्या पकडीसाठी, कुणी विशारद ठरवलं नाही. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी निघाली ती थेट या शतकात.

सातारा-सांगलीच्या मुलीला आज बारावीनंतर नृत्यात पदवी घ्यायची तर पुण्याच्या ललित कला केंद्राची किंवा मुंबईच्या नालंदाची वाट धरता येते. तिथे सकाळी रियाज, दुपारी नाट्यशास्त्र आणि शरीरशास्त्र, संध्याकाळी प्रयोगाची तालीम. विशारदचं प्रमाणपत्र अर्जाला जोडता येतं. प्रवेशाच्या दिवशी मात्र परीक्षकांसमोर घुंगरू बांधून नाचून दाखवावं लागतं, आणि मधेच कुणीतरी विचारतं, आत्ता केलीस ती तिहाई हातावर टाळी देऊन म्हणून दाखव.